टिन व्हिसल वाजता वाजता घोगरी होते, तेव्हा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पहिली टिन व्हिसल कशी निवडायची यावर लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आणि मेल आल्या त्यात वेगवेगळ्या शब्दांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली, की व्हिसल आधी छान वाजते आणि मग मधेच आवाज बसतो. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यावरच. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची आयरिश शिट्टी, ओठांत धरून सरळ फुंकायची. तोंडाकडचा भाग म्हणजे डोकं. त्यात हवा जायला जी चपटी फट असते तिला विंडवे म्हणतात, पुढे वरच्या बाजूला छोटी खिडकी असते आणि खिडकीच्या पलीकडच्या कडेला पातं असतं. विंडवेतून आलेली हवेची पातळ पट्टी त्या पात्यावर आपटते आणि सूर निघतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे हेच शब्द येणार आहेत.

प्रश्न: ताई, मी तीन महिने झाले डी स्केलची पितळी व्हिसल वाजवतोय, डोकं प्लास्टिकचं आहे. सकाळी सहाला गॅलरीत बसून रियाज करतो. सुरुवातीला मस्त वाजते पण दहा मिनिटांत आवाज घोगरा होतो, खालचा डी, म्हणजे सगळी भोकं झाकून येणारा सूर, तर फुटतोच. मित्र म्हणतो तुझी थुंकी जास्त जाते. मला तसं वाटत नाही. व्हिसल बदलू का? (पुणे)

बदलू नका, तुमच्या व्हिसलला काहीही झालेलं नाही. आणि मित्राला सांगा की थुंकीचा भाग यात थोडाच आहे, खरा प्रकार वाफेचा आहे.

एक करून बघा. थंडीत आरशासमोर उभं राहून तोंड उघडं ठेवून हाऽऽ करा, आरशावर लगेच धुकं धरतं. थुंकी उडाली का? नाही ना. आपल्या श्वासातली हवा साधारण ३४-३५ अंशांची असते आणि पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेली असते. ३५ अंशांच्या एका घनमीटर हवेत जवळपास ४० ग्रॅम पाणी मावतं, तीच हवा १२ अंशांवर आली तर त्यात जेमतेम ११ ग्रॅम मावतं, उरलेलं कुठेतरी पाणी होऊन बसणारच. आता तुम्ही डिसेंबरात सकाळी सहाला पुण्यात गॅलरीत बसताय, व्हिसल रात्रभर गार पडलेली, आणि तिच्यातून दहा मिनिटांत साठ-सत्तर लिटर गरम श्वास सोडताय. हिशोब केला तर जास्तीत जास्त दोनेक ग्रॅम पाणी, म्हणजे तीस-चाळीस थेंब. त्यातलं बहुतेक बाहेर निघून जातं, पण विंडवेची उंची असते मिलिमीटरभर, तिथे एक थेंब अडकला तरी काम झालं.

आणि तो थेंब डोळ्यांनी दिसतो बरं का. पुढच्या वेळी आवाज बसला की वाजवणं थांबवा, डोकं खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि तोंडाकडून विंडवेतून आरपार बघा. स्वच्छ असेल तर उजेडाची सरळ चपटी पट्टी दिसते. अडकलेली असेल तर एका कोपऱ्यात, बहुतेक वेळा खिडकीच्या बाजूला, पट्टी तुटलेली दिसते आणि तिथे एक गोलसर चकचकीत फुगवटा असतो, त्यात बाहेरचा उजेड उलटा दिसतो. तो थेंब. वर छताला आणि खाली जमिनीला असा दोन्हीकडे चिकटून बसलेला असतो. हवेची पट्टी त्याच्या बाजूने वाकडी होऊन जाते, पात्यावर नीट पडत नाही, म्हणून घोगरेपणा. खालचा डी आधी जातो कारण त्याला फुंकर हलकी लागते, हलक्या फुंकरीने थेंब जागचा हलत नाही, वरच्या सप्तकात जोर जास्त असतो म्हणून तिथे थोडा वेळ निभावतं.

यावर पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वाजवायच्या आधी डोकं गरम करणं. मी शिकवताना मुलांना सगळ्यात आधी हेच सांगते, बोटं कुठे ठेवायची ते नंतर. चार-पाच मिनिटं डोकं मुठीत घट्ट धरून बसा, किंवा काखेत धरा, किंवा आंघोळ करून येईपर्यंत गोधडीत गुंडाळून ठेवा. बरेच जण फुंकून गरम करतात, खिडकीवर तळवा ठेवून हाऽऽ हाऽऽ करत, आणि घाईत असाल तर तेही चालतं, पण त्यात तुम्ही गरम करता करता तीच वाफ आत भरत असता, म्हणून माझं मत मुठीच्या बाजूने आहे. डोकं अंगाइतकं गरम झालं की वाफेला बसायला गार जागाच मिळत नाही. आणि जमलं तर गॅलरीतून आत या हो, घरात नुसते सहा-सात अंश जास्त असले तरी फरक पडतो.

दुसरा उपाय वाजवता वाजवता करायचा. दोन सुरांच्या मधे जिथे श्वास घेता तिथे कधीकधी तो श्वास व्हिसलमधूनच झटकन आत ओढा. थेंब मागे येतो आणि फट मोकळी होते, आवाजही होत नाही. कुणाला किळस वाटते, पण ते आपल्याच श्वासाचं पाणी आहे आणि व्हिसल आपलीच आहे. तेवढ्याने नाही झालं तर खिडकीवर बोट अगदी हलकं टेकवून एक जोरात फुंकर मारा, थेंब पुढे उडून जातो, खिडकी झाकलेली असल्याने कर्कश शिट्टी वाजत नाही. बोट हलकंच हं, पात्याच्या धारेवर दाबायचं नाही, विशेषतः पत्र्याचं पातं असेल तर ते वाकतं आणि एकदा वाकलं की सूर पहिल्यासारखा येत नाही.

तिसरा उपाय साबणाचा. हा ऐकून लोक दचकतात, पण प्लास्टिकच्या डोक्याला याच्याइतकं चांगलं काही नाही. अळवाच्या पानावर पाणी कसं मोत्यासारखं गोळा होऊन थरथरत राहतं, पान भिजतच नाही, प्लास्टिकवर पाणी साधारण तसंच वागतं, पसरत नाही, गोळा होतं, आणि गोळा झालेला थेंबच फट अडवतो. साबणाने पाण्याचा तो ताण कमी होतो आणि तेच पाणी पातळ थर होऊन पसरतं, थर झालं की हळूहळू पुढे वाहून जातं. तर वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, डोकं काढून त्यात बुडवा, विंडवेतून ते पाणी दोन-तीनदा जाऊ द्या, मग बाहेरून स्वच्छ पुसा पण विंडवे साध्या पाण्याने धुऊ नका, झटकून तसंच वाळू द्या. आतमध्ये जो अगदी पुसट थर राहतो तोच आपल्याला हवाय. पहिल्या दिवशी जिभेला किंचित चव लागते, दुसऱ्या दिवशी नसते. आठवडा-दहा दिवसांनी परत करायचं. रेकॉर्डर (व्हिसलच्याच जातीचं, फुंकून वाजवायचं पाश्चात्य वाद्य) वाजवणारे लोकसुद्धा याच तत्त्वाचं द्रावण विंडवेत घालतात, तेव्हा हा काही घरगुती जुगाड नाही.

डोकं निघत नसेल तर ओढाताण करू नका. या प्रकारच्या व्हिसलमध्ये ते बऱ्याचदा थोड्याशा गोंदाने चिकटवलेलं असतं. जोडाचा भाग चांगल्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा आणि पिळल्यासारखं फिरवून काढा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकेल. एकदा डोकं सुटं झालं की त्याचा आणखी एक फायदा, ते थोडं मागेपुढे करून सूरही जुळवता येतो.

प्रश्न: मी मुंबईत राहते. मला वाटायचं आमच्याकडची दमट हवा हेच कारण असणार. पण गंमत म्हणजे जुलैमध्ये घरी तासभर वाजवलं तरी काही होत नाही आणि ऑफिसच्या कार्यक्रमात एसी हॉलमध्ये दुसऱ्याच गाण्याला आवाज गेला. असं उलटं कसं? (मुंबई)

उलटं अजिबात नाही, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि मला ते फार आवडलं. पाणी बाहेरच्या हवेतून येत नाही, तुमच्या श्वासातून येतं, त्यामुळे हवा दमट आहे की कोरडी यापेक्षा व्हिसल किती गार आहे हे महत्त्वाचं. जुलैमध्ये तुमच्या घरात २८ अंश असतील, तिथे घनमीटरमागे १३ ग्रॅमच्या आसपास पाणी बसायची शक्यता, आणि १८ अंशांच्या हॉलमध्ये तीच जवळपास दुप्पट होते. शिवाय स्टेजवर आपण एसीच्या झोताखाली उभे असतो आणि व्हिसल स्टँडवर किंवा टेबलावर गार होत पडलेली असते. निवेदकाचं बोलणं चालू असताना ती हातात धरून ठेवा, मुठीत, डोक्याकडून. साडी किंवा ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवली तरी चालेल.

दमट हवेचा त्रास वेगळा आहे आणि तो वाजवून झाल्यावर सुरू होतो, वाळत नाही. पावसाळ्यात ओली व्हिसल तशीच कव्हरमध्ये बंद केली तर चार दिवसांत कुबट वास येतो, पितळेवर हिरवट डाग धरतात. वाजवून झालं की डोकं काढा, झटका, नळीतून मऊ सुती कापडाची पट्टी काठीला गुंडाळून फिरवा, आणि दोन्ही भाग अर्धा तास उघड्यावर पंख्याखाली ठेवा. तेवढं केलं तर पुरे.

प्रश्न: नमस्कार, मी नोकरीनिमित्त डब्लिनला असतो, मूळचा सोलापूरचा. इथल्या पबमधल्या सेशनला, म्हणजे सगळे मिळून वाजवायच्या बैठकीला, जायला लागलोय. हिवाळ्यात रस्त्यावरून आत गेलं की पहिल्या दोन रील्समध्ये (रील म्हणजे आयरिश नाचाची जलद धून) माझी व्हिसल नुसती फुसफुसते, शेजारचे म्हातारे आजोबा मात्र आल्या आल्या सुरू करतात. त्यांना विचारायला लाज वाटते. (डब्लिन)

लाजू नका हो, विचारा, सेशनमधली म्हातारी मंडळी अशा गोष्टी फार प्रेमाने सांगतात. पण त्या आजोबांची व्हिसल कुठे असते ते आधी बघा. माझा अंदाज, कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. तुमची पाठीवरच्या सॅकमध्ये असणार. बाहेर चार-पाच अंश असतात, वीस मिनिटं चालत आलात की धातू तेवढाच गार होतो, आणि आत आल्यावर त्यावर तुमच्या श्वासाचंच नाही तर पबमधल्या हवेचंही पाणी धरतं, चष्म्यावर धरतं तसं. तर घरातून निघतानाच ती आतल्या खिशात, डोकं वर करून. आत गेलं की लगेच वाजवायला बसू नका, पहिला सेट, म्हणजे सलग वाजवलेल्या दोन-तीन धुनी, नुसता ऐका, व्हिसल मुठीत ठेवा.

दुसरी गोष्ट जिभेची. आपल्यापैकी जे शाळेत रेकॉर्डर शिकले त्यांना प्रत्येक सुराला तू-तू-तू करायची सवय असते. रीलच्या वेगात तसं केलं की जीभ सारखी विंडवेच्या तोंडाशी जाते आणि तिथे मात्र खरीखुरी थुंकी आत जायला लागते. आयरिश वादनात सूर तोडायचं पुष्कळसं काम बोटांकडे असतं, कट, टॅप, रोल हे सगळे बोटांचे अलंकार आहेत, जीभ मधूनमधून आणि हलकी. तुमची शैली तिकडे वळेल तसा ओलेपणाचा त्रास आपोआप कमी होईल. तोंडात किती धरता तेही बघा, फक्त टोक ओठांत हवं, दातांनी चावायचं नाही, जितकी आत घ्याल तितकी लाळ जास्त सुटते.

आणि हळू एअर, म्हणजे संथ धून, चालू असताना, सगळे शांत बसलेले असताना, जोरात फुंकून विंडवे साफ करू नका, तिथे आत ओढायची युक्तीच वापरा. दोन व्हिसल जवळ ठेवा आणि आलटून पालटून वाजवा, एक वाजतेय तोवर दुसरी खिशात गरम. इतकी जणं असं करतात की कुणी वळूनही बघणार नाही. हा त्रास काही आजचा नाही, तुम्ही राहता त्याच शहरात हाय स्ट्रीटच्या उत्खननात बाराव्या शतकातल्या हाडाच्या शिट्ट्या सापडल्यात, त्यांनाही अशीच हवेची वाट होती, आणि डब्लिनचा हिवाळा तेव्हाही होताच.

प्रश्न: ताई मी नववीत आहे. मला मामाने क्लार्कची व्हिसल दिली, काळी, पत्र्याची, आत लाकूड असलेली. मी यूट्यूबवर बघून साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली कारण आवाज घोगरा येत होता. आता आवाजच येत नाही. मामाला अजून सांगितलं नाही. (नाशिक)

आधी घाबरू नकोस. आणि मामाला आजच सांग, त्याने प्रेमाने दिलीय, रागावणार नाही.

साबणाचा उपाय प्लास्टिकच्या आणि धातूच्या डोक्यांसाठी आहे, तुझ्या व्हिसलसाठी नाही. तुझी व्हिसल वेगळ्या घराण्यातली आहे. इंग्लंडमधल्या सफोकमध्ये कोनी वेस्टन नावाचं गाव आहे, तिथल्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ साली ही पत्र्याची व्हिसल बनवायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टरला कारखाना काढला. पत्रा निमुळता गुंडाळलेला आणि तोंडात लाकडाचा ठोकळा बसवलेला, ही रचना आजही तीच आहे. विंडवेची खालची बाजू म्हणजे तो ठोकळा. लाकूड थोडं पाणी पितं, त्यामुळे थेंब गोळा होण्याचा त्रास या व्हिसलला खरं तर कमी होतो, पण रात्रभर बुडवलंस म्हणून लाकूड फुगलं आणि फट बंद झाली.

आता एकच करायचं, वाट बघायची. व्हिसल सावलीत, हवेशीर जागी, आडवी ठेव. उन्हात नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ तर नकोच, झटक्यात वाळलं की लाकडाला चीर जाते नाहीतर ठोकळा आखडून सैल होतो. तीन-चार दिवस हात लावू नकोस. मग उजेडाकडे धरून आरपार बघ, पट्टी दिसायला लागली की हळूच वाजवून बघ. बहुतेक वेळा लाकूड परत जागेवर येतं. पट्टी एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक दिसली तर ठोकळा तिरका झालाय असं समज, तेव्हा स्वतः ठोकू नकोस, मामाला दाखव. पुढे या व्हिसलला कधीच धुवायचं नाही. वाजवून झालं की झटकायची, ओठांची बाजू पुसायची आणि वाळू द्यायची. सलग तासभर वाजवण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं वाजव, मधे लाकडाला दम खाऊ दे.

प्रश्न: विंडवेत कचरा दिसत होता म्हणून सेफ्टी पिनने खरवडून काढला. कचरा गेला पण आता आवाजात सारखा फिस्स असा श्वास ऐकू येतो. (औरंगाबाद)

पिनने आत ओरखडा पडलाय किंवा पात्याच्या धारेला खाच गेलीय. हवेची पट्टी गुळगुळीत वाहायला हवी असते, ओरखड्यावर ती फाटते, आणि वर त्याच ओरखड्यात थेंबही आधी जाऊन बसतो. प्लास्टिकचं डोकं असेल तर हे नीट होणं अवघड, मी उगाच आशा लावणार नाही, सॅंडपेपर वगैरे लावून आणखी बिघडवू नका. नळी चांगली आहे, तिला त्याच मापाचं दुसरं डोकं बसतं.

इतरांसाठी: विंडवेत धातूचं काहीही घालायचं नाही, पिन नाही, तार नाही, सुई नाही, टूथपिकसुद्धा नाही. साफ करायला पक्ष्याचं स्वच्छ धुतलेलं मऊ पीस उत्तम, पिसाच्या टोकाकडून घालायचं. नाहीतर पातळ लवचिक प्लास्टिकची अरुंद पट्टी. टीपकागद काही जण वापरतात, वाजवताना झटकन ओल टिपायला तो चांगला, पण ओला झाला की तुटून तुकडा आतच राहतो, म्हणून एकदाच घालून लगेच काढायचा, परत तोच घालायचा नाही.

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा मुलगा व्हिसल शिकतो. वाजवून झालं की नळीच्या टोकातून पाणी टपकतं, फरशीवर थेंब पडतात. सासूबाई म्हणतात मुलाला एवढी लाळ सुटते म्हणजे पोटात काही आहे. आणि परवा व्हिसलला मुंग्या लागल्या. (ठाणे)

टपकतं ते बहुतेक सगळं श्वासाचं पाणी आहे, वर सांगितलं तसं. सासूबाईंना सांगा, नातू अगदी ठीक आहे. टोकातून थेंब पडतात म्हणजे पाणी विंडवेत न थांबता पुढे वाहून जातंय, ते चांगलंच.

मुंग्यांचं कारण मात्र खाण्यात आहे. बोर्नव्हिटा घालून दूध, बिस्किट, लाडू, काहीतरी खाऊन तो थेट वाजवायला बसत असणार. गोड लाळ विंडवेत जाते, पाणी उडून जातं आणि साखर राहते, तो चिकट थर बसला की पुढच्या वेळी थेंब तिथेच धरतो. माझ्या क्लासमध्ये नियम आहे, आधी दोन घोट साधं पाणी, चूळ भरायची, मग व्हिसल. प्लास्टिकचं डोकं आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या मऊ टूथब्रशने बाहेरून घासा, आतून फक्त तेच पाणी खेळवा. आणि एकमेकांची व्हिसल वाजवायची नाही हे वर्गातल्या सगळ्या मुलांना सांगा, हौसेने एकाची दुसरा घेतो आणि सर्दी वर्गभर फिरते.

प्रश्न: मी लो डी घेतली, ॲल्युमिनियमची, बऱ्यापैकी महाग. छोट्या व्हिसलपेक्षा हिला जास्त त्रास. हे डिझाइनच चुकलंय का? (नागपूर)

चुकलेलं नाही. लो डी म्हणजे साध्या डीपेक्षा एक सप्तक खाली, नळी साधारण दोन फुटांची. बऱ्याच लो व्हिसलमध्ये विंडवे मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो, त्यानेच तो भरीव, जरासा खरखरीत आवाज येतो, आणि त्यामुळेच ती थेंबाला लवकर बळी पडते. शिवाय डोकं जाड ॲल्युमिनियमचं असेल तर ते गरम व्हायला वेळ घेतं आणि बाजूला ठेवलं की लगेच गार पडतं.

या वाद्याचा आपल्याशी एक धागा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिनबार फ्युरी या आयरिश वादकाकडे भारतीय बांबूची एक शिट्टी होती, त्याची फार लाडकी, ती दौऱ्यावर मोडली. त्याने इंग्लंडमधल्या बर्नार्ड ओव्हरटनकडे तशीच करून मागितली आणि त्यातून १९७१ च्या सुमाराला आजची ॲल्युमिनियमची लो व्हिसल जन्माला आली. बांबू ओल पितो, ॲल्युमिनियम पीत नाही, तर जे बांबू स्वतःहून करायचा ते आता आपल्याला करावं लागतं.

तुमच्यासाठी क्रम असा. वाजवायच्या आधी डोकं दहा मिनिटं तरी जॅकेटमध्ये. साबणाचा थर नक्की, धातूवरही तो चालतो. वाजवताना व्हिसल खाली झुकवून धरा, आडवी बासरीसारखी किंवा वर उचलून धरली तर पाणी विंडवेतच बसून राहतं, झुकवली की खिडकीकडून नळीत उतरतं. मधल्या वेळात आडवी ठेवू नका, डोकं वर करून उभी टेकवा. नागपूरच्या जानेवारीत एवढं करूनही पहिली पाच मिनिटं अधूनमधून आत ओढावं लागेल, ते सगळ्यांनाच लागतं.

प्रश्न: माझ्या वडिलांचं जुनं अलगूज आहे, वेळूचं, तोंडात खुंटी बसवलेली. तेही वाजता वाजता बसतं. व्हिसलचे उपाय त्याला चालतील का? बासरीला असा त्रास का होत नाही? (सातारा)

वा, अलगूज जपून ठेवलंत याचा फार आनंद झाला.

बासरी आडवी, तिच्यात हवेची पट्टी आपण ओठांनीच बनवतो, फटच नाही तर अडणार काय. पाणी नळीत धरतं पण ते सुराच्या आड येत नाही. अलगूज, पावा यांची रचना मात्र व्हिसलच्याच जातीची, खुंटी आणि वेळू यांच्या मधे हवेची वाट, पुढे खिडकी. म्हणून त्रासही तोच.

गरम करायचा उपाय चालेल, हातात धरून. आत ओढायची युक्ती चालेल, पिसाने टिपणं चालेल. साबण अजिबात नाही, पाण्यात बुडवणं नाही. वेळूला तेल लावायची पद्धत आहे ना, ते नळीला लावा पण हवेच्या वाटेत आणि खुंटीला तेल जाऊ देऊ नका, तेलकट जागेवर पाणी पुन्हा थेंब होऊन बसतं आणि लाकूड ओल प्यायचं थांबतं. जुनं वाद्य बरीच वर्षं न वाजवता ठेवलेलं असेल तर पहिले काही दिवस रोज पाचच मिनिटं वाजवा, मग दहा, वेळूला ओलीची सवय हळूहळू होऊ द्या, एकदम अर्धा तास फुंकलंत तर उभी चीर जायची भीती असते. आणि खुंटी मेणाने बसवलेली असेल तर वाजवून झाल्यावर वाळवायला उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडून खुंटी सरकते आणि वडिलांनी बसवलेली जागा परत सापडत नाही.